आईच्या वाट्याचा शब्द

प्रियोळ, फोंडा, गोवा

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

बाबांचं वर्षश्राद्ध झालं आणि आम्ही घर आणि भाट, म्हणजे आमची माडांची बागायत, यांच्या वाटणीचं काम हाती घेतलं. आमच्याकडे त्याला 'इन्वेंतार' म्हणतात. पहिल्याच दिवशी वकील आईकडे वळून म्हणाले, "तुम्ही काबेसा द काझाल." आई घाबरली. घरी येईपर्यंत गप्प होती.

मी पोर्तुगीज शब्दकोश काढला. काबेसा म्हणजे डोकं, काझाल म्हणजे जोडपं. जोडप्यातलं एक माणूस गेलं की मागे राहिलेलं माणूस कारभार सांभाळतं, मालमत्तेची यादी कोर्टात देतं. हे सांगितल्यावर आईने कमरेची किल्ली काढून माझ्या हाती दिली. सगळे कागद देवघरातल्या फडताळात होते.

दुसरा शब्द 'मेआसांव'. 'मेयु' म्हणजे अर्धं, त्यावरून आलेला. लग्नाआधी वेगळा करार केला नसेल तर नवरा-बायकोच्या मालमत्तेत दोघांचा निम्मा निम्मा हक्क. 1867 च्या पोर्तुगीज नागरी संहितेतली ही रीत गोव्याच्या 2012 च्या कायद्यानेही राखली. म्हणजे आईचा अर्धा वाटा बाबांकडून वारशाने येत नाही, तो आधीपासून तिचाच आहे! वाटणी व्हायची ती उरलेल्या अर्ध्याची आणि त्यातही ताईचा हिस्सा माझ्याइतकाच. 'मुलीला कसला वाटा' म्हणणारे गावात अजून भेटतात. त्यांच्यापुढे हे सगळं उलगडून सांगावं असं मला फार वाटतं.

फडताळात आजोबांच्या वेळचं एस्क्रितूर, म्हणजे खरेदीखत, मिळालं. पिवळा पडलेला मुद्रांकित कागद, घडीवर विरलेला. तीन पानं वळणदार पोर्तुगीज अक्षर आणि तळाशी आजोबांची सही, देवनागरीत, एकेक अक्षर सुटं काढलेली. वरचा मजकूर त्यांना कुणी समजावून सांगितला असेल का, हे मनातून जात नाही. 'इन्वेंतार'चं मूळ लॅटिनमधल्या 'सापडणे' या क्रियापदात आहे, ते मला त्या फडताळापुढे बसल्यावर पटलं.

तू वकील, रोज ज्या शब्दांत वावरतोस तेही दुरूनच आलेत. 'फिर्याद' म्हणजे फारसीत मदतीसाठी मारलेली हाक. 'वकील' अरबी, ज्याच्यावर काम सोपवलं तो. 'दस्तऐवज'मधला दस्त म्हणजे हात. पक्षकार समोर बसून बोलायला लागला की फिर्यादीचा तो अर्थ तुझ्या मनात येतो का रे?

भाटाचा धनी तो भाटकार आणि त्याच्या संमतीने त्याच्या जमिनीत घर करून राहतो तो मुंडकार. आमच्या भाटाच्या कडेला असं एक कुटुंब आजोबांपासून आहे. 1975 च्या कायद्याने त्यांना संरक्षण दिलंय, पण यादीच्या मसुद्यात त्यांच्या घराचा उल्लेखच नव्हता. आईने तो वाचून घेतला आणि वकिलांना म्हणाली, "तिथे मुंडकार असं स्पष्ट लिहा, मगच मी सही करीन."

लिहिलं त्यांनी. पुढची तारीख दिवाळीनंतर आहे. त्या सुमारास आलास तर एस्क्रितूर दाखवीन.

तुझाच