पिकअपचे कव्हर फाटते ते कडेला आणि शिवणीला

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मालवाहू पिकअपच्या हौद्यावर टाकायची कव्हरे दोन शब्दांच्या जोरावर विकली जातात: 'जाड' आणि 'वॉटरप्रूफ'. छापखान्यांना लागणारा कागद स्वतःच्या पिकअपमधून पोहोचवणे हा माझा अनेक वर्षांचा व्यवसाय आहे आणि या दोन शब्दांवर विसंबून घेतलेली तीन कव्हरे आजवर माझ्या हाताखालून गेली आहेत. तिन्ही कव्हरांचे कापड मधोमध अखेरपर्यंत धड होते. ती निकामी झाली ती शिवणीपाशी, दुमडीच्या कडेला आणि आयलेटभोवती (दोरी ओवायच्या, धातूची किनार बसवलेल्या भोकाभोवती), म्हणजे नेमक्या त्या जागी, ज्यांविषयी ना वेष्टनावर काही छापलेले असते, ना विकणाऱ्याला काही सांगता येते. म्हणून हे पत्र.

तिसऱ्या कव्हराचा अनुभव थोडा सविस्तर सांगतो. दोन तास भर पावसात गाडी चालवून माल उतरवायला कव्हर काढले, तेव्हा आतून हात फिरवल्यावर कापड कोरडे लागले. पण हौद्याच्या डाव्या अंगाला, पुढून थेट मागच्या फाळक्यापर्यंत, गठ्ठ्यांवर बोटभर रुंदीचा ओला पट्टा उमटला होता आणि तो कव्हराच्या जोडशिवणीच्या बरोबर खाली होता. ती शिवण उजेडासमोर धरली, तर सुईचे एकेक भोक स्वच्छ दिसत होते. दोरा झिजून बारीक झाला होता आणि भोके मात्र ताणाने लांबट झाली होती. कागदाची कड एकदा पाणी प्यायली की फुगते, तिला लहरी पडतात आणि मग तो कागद छपाईच्या यंत्रात सरळ जात नाही. वाळवूनही त्याचा उपयोग नसतो. कव्हर वॉरंटीच्या मुदतीत होते. विक्रेत्याने उत्तर दिले की कापड फाटलेले नाही, तेव्हा भरपाई बसत नाही. शब्दशः पाहता ते खरेच होते, कारण वॉरंटीत फक्त कापडाचा उल्लेख होता.

मुळात 'जाड' या शब्दाने काय कळते, हे पाहिले पाहिजे. आज चांगल्या समजल्या जाणाऱ्या कव्हरात आत पॉलिएस्टरच्या धाग्याचे विणलेले कापड आणि त्याच्या दोन्ही बाजूंना पीव्हीसी या प्लास्टिकचा थर असतो. ताण सोसतो तो धागा. पाणी अडवतो तो थर. वजन मात्र दोघांचे मिळून, ग्रॅम प्रति चौरस मीटरमध्ये सांगितले जाते. त्यामुळे 650 ग्रॅमची दोन कापडे वजनात तंतोतंत सारखी असूनही एकात धागा भक्कम आणि दुसऱ्यात धागा विरळ, वर खडूची भुकटी मिसळलेला जड थर, असे सहज असू शकते. धाग्याची जाडी डेनिअरमध्ये मोजतात: 9000 मीटर धाग्याचे वजन 1000 ग्रॅम भरले, तर तो 1000 डेनिअरचा. हा आकडा सांगितल्याशिवाय नुसत्या वजनाला फारसा अर्थ उरत नाही, आणि दुकानात तो विचारला की बहुतेक वेळा पुन्हा 'एकदम जाड माल आहे' एवढेच ऐकायला मिळते.

पीव्हीसी स्वभावतः कडक असते. पाण्याचे कडक पाइप त्याचेच करतात. त्यात मऊपणा आणणारी द्रव्ये मिसळली की ते कापडासारखे वळते, आणि ही युक्ती 1926 साली वॉल्डो सीमन या अमेरिकी रसायनशास्त्रज्ञाच्या प्रयोगांतून पुढे आली. गोम अशी की ही द्रव्ये उन्हाच्या तापाने हळूहळू बाहेर निघून जातात. कव्हर ताठर होते, घडी जिथे नेहमी पडते तिथे आधी पांढरी रेघ दिसते आणि पुढे तिथेच भेग जाते. त्यातच सूर्याचे अतिनील किरण थराची रेणूंची साखळी तोडत असतात. त्यांना आवर घालणारी द्रव्ये थरात पुरेशी घातली आहेत की नाहीत, हे नव्या कव्हराकडे पाहून कोणालाही ओळखता येत नाही. हलक्या पॉलिथिनच्या विणीव ताडपत्रीची अवस्था याहून वाईट असते. ती थोड्या दिवसांच्या कामासाठी ठीक आहे, पण रोज उन्हात उभ्या राहणाऱ्या गाडीसाठी ती कायमचे कव्हर म्हणून विकणे मला अन्यायाचे वाटते.

तरीही माझ्या मते खरा प्रश्न जोडांचाच आहे. पीव्हीसीचे दोन पट्टे उष्णतेने किंवा उच्च वारंवारतेच्या यंत्राने एकमेकांत वितळवून जोडता येतात. अशा वेल्डिंगमध्ये भोक पडत नाही आणि जोडाची पट्टी पुरेशी रुंद ठेवली, तर ती कापडाच्या तोडीस तोड ताण सोसते. शिवण घातली की प्रत्येक टाक्यागणिक दोन थरांना आरपार भोक पडते. शिवण मुळीच घालू नये असे मी म्हणत नाही, कारण पट्टे आणि बक्कल शिवावेच लागतात. परंतु पाणी जिथून वाहणार तिथला मुख्य जोड शिवलेला असेल, तर त्यावर आतून पट्टी वेल्ड केलेली असावी आणि दोरा पॉलिएस्टरचा असावा. नायलॉनचा दोरा नवा असताना मजबूत वाटतो, पण उन्हात लवकर कुजतो.

कडेचे म्हणणेही ऐकले पाहिजे. वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, म्हणजे ताशी 40 किलोमीटरवरून 80 वर गेल्यास कव्हरावरचा जोर दुप्पट नव्हे, चौपट होतो. कव्हर जरा सैल असले की कड सतत फडफडते, हौद्याच्या पत्र्यावर घासते आणि हा सगळा मार शेवटी आयलेटच्या भोकावर येऊन पडतो. आयलेट कापडाच्या एकाच थरात ठोकलेले असेल, तर ते काही महिन्यांतच लंबगोल होते आणि एक दिवस कडीसकट निघून येते. मुलामा दिलेल्या लोखंडी आयलेटचा मुलामा दोरीच्या घर्षणाने उडतो, गंज चढतो आणि त्याच्या खरबरीत कडेने भोवतालचे कापड चिरत जाते. पितळी आयलेट, खाली दुहेरी कापड आणि दुमडीत ओवलेली दोरी किंवा नवार, एवढे केले की कव्हराचे आयुष्य निश्चित वाढते, आणि त्यासाठी उत्पादकाला कोणतेही नवे तंत्र शोधावे लागत नाही.

पाणी साचण्याकडेही असेच दुर्लक्ष होते. एक चौरस मीटरवर एक सेंटिमीटर पाणी साचले, तर त्याचे वजन 10 किलो होते. कव्हर मध्ये झोळीसारखे लोंबले की बघता बघता शंभर किलोंचा भार ताणलेल्या शिवणीवर टांगला जातो. आधाराच्या कमानी कव्हरासोबतच दिल्या पाहिजेत, किंवा निदान किती अंतरावर कमान हवी हे लिहून तरी दिले पाहिजे.

ॲल्युमिनियमच्या घडीच्या किंवा फायबरच्या कडक झाकणांचा मला स्वतःला अनुभव नाही. व्यवसायबंधूंच्या गाड्यांवर पाहिले ते असे की तिथेही तक्ता टिकतो आणि त्रास देते ती बिजागरी, रबराची पट्टी किंवा कचऱ्याने तुंबलेली पाण्याची नळी. ॲल्युमिनियममध्ये साधे पोलादी स्क्रू मारले, की ओलाव्यात स्क्रूभोवतीचे ॲल्युमिनियम खाल्ले जाते.

वापरणाऱ्यांकडूनही चुका होतात, हे मान्य केले पाहिजे. ओले कव्हर घडी घालून ठेवणे, डाग काढायला थिनर किंवा पेट्रोल चोळणे, मालाच्या धारदार कोपऱ्यावर ते तसेच ओढून बांधणे, यांतली प्रत्येक चूक मीही कधी ना कधी केली आहे. पण काय करू नये हे सांगणारा कागद तीनपैकी एकाही कव्हरासोबत मला मिळाला नव्हता.

उत्पादकांकडे माझी मागणी साधी आहे. प्रत्येक कव्हराच्या कोपऱ्यात न पुसली जाणारी पट्टी लावावी आणि तिच्यावर एकूण वजन, धाग्याचे डेनिअर, जोड वेल्ड केलेला आहे की शिवलेला, दोरा कशाचा, आयलेट कोणत्या धातूचे, हे छापावे. कापडाची पाणी अडवण्याची क्षमता आयएसओ 811 या चाचणीने आणि उन्हातला टिकाऊपणा आयएसओ 4892 या पद्धतीने दिव्यांखाली तपासता येतो. चाचणी किती तास केली आणि त्यानंतर कापडाची ताकद किती उरली, हे दोन आकडे सांगावेत. प्रयोगशाळेतल्या तासांचे थेट वर्षांत रूपांतर होत नाही, हे खरे, पण दोन कव्हरांची तुलना तरी करता येईल. पाण्याची चाचणी जोड असलेल्या तुकड्यावरही करावी, कारण पाऊस जोड टाळून पडत नाही. आणि वॉरंटीच्या मजकुरात 'कापड' या शब्दाबरोबर 'जोड, कड व आयलेट' हे शब्द स्पष्टपणे यावेत.

त्या तिसऱ्या कव्हराच्या शिवणीचा वीतभर तुकडा मी कापून गाडीच्या केबिनमध्ये ठेवला आहे. चौथे कव्हर घेताना दुकानदाराने सवयीप्रमाणे मधले कापड चिमटीत धरून दाखवायला सुरुवात केली, तेव्हा तो तुकडा त्याच्यासमोर ठेवून मी आधी जोड उलगडून दाखवायला सांगितले. त्यासाठी त्याला कव्हराची पूर्ण घडी मोडावी लागली.

आपला,
एक पिकअपमालक व वाचक