बॅटरी दुरुस्तीचे वर्ग संध्याकाळी भरवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

ठाणे-नवी मुंबईत विजेवरच्या स्कूटर आणि तीनचाकी वाढल्या, पण वॉरंटी संपलेली बॅटरी बसली की ती जाते इन्व्हर्टरच्या बॅटऱ्या दुरुस्त करणाऱ्याकडे. त्याचा हात लेड-अ‍ॅसिडवर बसलेला असतो. लिथियमचे गणित वेगळे, ते त्याला कोणी शिकवलेले नसते.

आयटीआयमध्ये मेकॅनिक इलेक्ट्रिक व्हेईकल हा दोन वर्षांचा ट्रेड आहे, पण दुकान चालवणारा माणूस दोन वर्षे वर्गात बसणार कसा? यूजीसीच्या कम्युनिटी कॉलेज योजनेत स्थानिक उद्योगांना सोबत घेऊन अल्प मुदतीचे अभ्यासक्रम घेता येतात. वागळे इस्टेट, रबाळे, महापे, तुर्भे इथल्या कारखान्यांजवळच्या महाविद्यालयांनी वायरमन आणि गॅरेजवाल्यांसाठी संध्याकाळचा 120 तासांचा वर्ग सुरू करावा. तुकडी 16 जणांची, एका टेबलावर चौघे.

खर्च कशावर करायचा, इथेच बहुतेक गाडी घसरते. उद्घाटनाच्या फोटोसाठी अर्धी कापलेली स्कूटर आणू नये. त्या पैशात आठ चॅनेलचा सेल टेस्टर (सेल भरून-उतरवून त्याची कॅपॅसिटी मोजणारे यंत्र), 1 किलोहर्ट्झचा इंटर्नल रेझिस्टन्स (सेलचा अंतर्गत रोध) मीटर, सेलवर पट्ट्या जोडणारा स्पॉट वेल्डर आणि करंटची मर्यादा घालता येणारा डीसी सप्लाय घ्यावा. टेस्टर का, तर एलएफपी (लिथियम आयर्न फॉस्फेट) सेलचे व्होल्टेज मधल्या टप्प्यात जवळजवळ सपाट असते. 30 टक्के भरलेला आणि 60 टक्के भरलेला सेल यांच्यात मीटरवर दोन-चार शतांश व्होल्टचाच फरक दिसतो. नुसते व्होल्टेज बघून सेल जुळवणारा म्हणूनच फसतो. कॅपॅसिटी मोजायला सेल पूर्ण भरून पूर्ण उतरवावा लागतो. त्याला पाच-सहा तास लागतात, म्हणजे एका तुकडीने लावलेली चाचणी दुसरीने वाचावी असेच वेळापत्रक हवे. बिनपहाऱ्याने रात्रभर मात्र लावून ठेवू नये.

सर्वाधिक वेळ द्यावा बीएमएसला, म्हणजे पॅकमधल्या प्रत्येक सेलवर नजर ठेवून धोका दिसताच पॅक तोडणाऱ्या सर्किटला. 16 सेलच्या एलएफपी पॅकमध्ये एक सेल कमजोर झाला की तो आधी 2.5 व्होल्टवर, म्हणजे खालच्या मर्यादेवर, येतो आणि बीएमएस सगळा पॅक तोडतो. गिऱ्हाईक म्हणते, 'बॅटरी अर्ध्या वाटेत बंद पडते.' मग कारागीर बीएमएसला बगल देऊन थेट वायर जोडतो. गाडी धावते. पण पुढच्या चार्जिंगला तोच कमजोर सेल इतरांआधी भरून 3.65 व्होल्टच्या वरच्या मर्यादेपलीकडे चढतो आणि त्याला थांबवणारे कोणी उरत नाही. बॅलन्सिंगबद्दलही, म्हणजे बीएमएसने सगळे सेल सारखे भरलेले ठेवण्याबद्दलही, गैरसमज आहेत. लहान बीएमएसचा बॅलन्सिंग करंट 50 मिलिअँपिअरच्या आसपास असतो. 2 अँपिअर-अवरची तफावत त्याने भरून काढायला 40 तास लागतील. म्हणून पॅक बांधण्याआधीच सगळे सेल सारखे करून घ्यायचे.

चार्जरची चूकही अशीच नेहमीची. 48 व्होल्टचा लेड-अ‍ॅसिड चार्जर 58 व्होल्टच्या आसपास चढतो. 13 सेलचा एनएमसी (निकेल-मँगनीज-कोबाल्ट या लिथियम प्रकाराचा) पॅक 54.6 लाच भरतो. बीएमएसने दगा दिला तर सेलमागे 4.46 व्होल्ट पडतात. मर्यादा आहे 4.2.

सेल एकमेकांना जोडणारी निकेल पट्टी शुद्ध की निकेलचा मुलामा दिलेले पोलाद, हे खाडीकाठच्या दमट हवेत महत्त्वाचे. तुकडा कानशीने घासून मिठाच्या पाण्यात ठेवला की पोलाद एक-दोन दिवसांत गंजते. पावसाळ्यात पाण्यात बुडालेला पॅक वाळवून लगेच चार्जिंगला लावू नये, आधी इन्सुलेशन तपासावे. आगीत अग्निशामकाच्या पावडरने ज्वाळा दबते, पण सेल आतून तापलेलेच राहतात. ते थंड करायला भरपूर पाणी लागते आणि काही तासांनी पॅक पुन्हा पेटूही शकतो. फुगलेले सेल वर्गात ठेवूच नयेत. बॅटरी कचरा व्यवस्थापन नियम, 2022 प्रमाणे टाकाऊ पॅक भंगारवाल्याला न देता नोंदणीकृत संकलन किंवा पुनर्प्रक्रिया केंद्राकडेच जायला हवा, हेही अभ्यासक्रमात असावे.

परीक्षा लेखी नको. एक पॅक द्यावा, त्यात एक बॅलन्स वायर सैल, एक सेल कमजोर. दोन्ही दोष मीटरने शोधून कारणासकट लिहून दिले, तरच प्रमाणपत्र.

आपले,
बॅटरी चाचणी व दुरुस्ती क्षेत्रातील काही तंत्रज्ञ, रबाळे, नवी मुंबई