फलकावरचं नाव काढण्याआधी

प्रिय मित्रा,

तुमच्या मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, फलकावरून पंथाचं नाव काढून नुसतं ‘ख्रिस्ती मंडळी’ लिहायचा ठराव येतोय आणि तुझाही कल तिकडेच आहे, हे वाचलं. त्यामागची तळमळ मला पटते. करिंथमध्ये ‘मी पौलाचा, मी अपुल्लोसाचा’ असे तट पडले तेव्हा प्रेषित पौलानं कान उपटले होते, आणि आपल्या नावानं कुणी स्वतःला ओळखू नये असं धर्मसुधारक मार्टिन ल्यूथरनंही १५२२ मध्ये लिहिलं होतं. तरी हात वर करण्याआधी माझं एक ऐक. नाव पुसलं म्हणून त्याखालचे निर्णय पुसले जात नाहीत.

बाप्तिस्म्याचंच बघ. कॅथलिक, ऑर्थोडॉक्स, ल्यूथरन, अँग्लिकन, प्रेस्बिटेरियन, मेथडिस्ट हे सगळे तान्ह्या बाळाला बाप्तिस्मा देतात. बॅप्टिस्ट मात्र ज्यानं स्वतः विश्वास कबूल केला त्यालाच देतात, आणि तोही पाण्यात पूर्ण बुडवून. उद्या तुमच्याकडे एखादं जोडपं दोन महिन्यांचं बाळ घेऊन आलं, तर पाळकाला (पास्टरला) हो किंवा नाही म्हणावंच लागेल, आणि त्याच क्षणी तुम्ही एका बाजूला गेलेले असाल. खरी अडचण पुढे येते. लहानपणी बाप्तिस्मा झालेला माणूस सभासदत्व मागतो. एक पाळक दाखला पाहून त्याला घेतो. त्याच्या जागी आलेला दुसरा म्हणतो, पुन्हा पाण्यात उतर. ज्या परंपरेत बाप्तिस्मा आयुष्यात एकदाच होतो, तिथल्या माणसाला हे ‘तुझा आधीचा बाप्तिस्मा खोटा’ असं ऐकू येतं. लेखी नियम नसला की पाळक बदलताच मंडळीची शिकवण बदलते.

हा पेच सुटत नाही असं नाही. १९७० साली नागपुरात अनेक पंथ एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झालं, तेव्हा त्यात अँग्लिकनही होते आणि बॅप्टिस्टही. त्यांनी शिशुबाप्तिस्मा आणि विश्वासणाऱ्याचा बाप्तिस्मा हे दोन्ही मार्ग मान्य केले. त्याआधी १९४७ मध्ये तशाच ऐक्यातून उभ्या राहिलेल्या चर्च ऑफ साउथ इंडियानं बिशपपद स्वीकारलं, पण बिशप नसलेल्या परंपरांमधून आलेल्या पाळकांची दीक्षा पुन्हा केली नाही. त्या ऐक्याची बोलणी १९१९ पासून चालू होती. अठ्ठावीस वर्षं! प्रत्येकानं आपली ओळख आधी नीट मांडली, म्हणून तर कुठे सोडायचं आणि कुठे थांबायचं हे ठरवता आलं.

उलट उदाहरणही तुला सांगायलाच हवं. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेत स्टोन आणि कॅम्पबेल यांच्या चळवळीनं पंथांची नावं सोडून नुसतं ‘ख्रिस्ती’ म्हणवून घ्यायचं ठरवलं. हेतू निर्मळ होता. पण उपासनेत वाद्यं असावीत का, मिशनरी संस्था असाव्यात का, यावर ती चळवळ फुटली. १९०६ च्या धार्मिक गणनेत तिचे दोन गट वेगळे मोजले गेले, आणि पुढे त्यांचे तीन झाले.

प्रभुभोजनाबद्दल थोडक्यात. १५२९ मध्ये जर्मनीत मारबुर्गला ल्यूथर आणि स्विस धर्मसुधारक झ्विंग्ली यांचं पंधरापैकी चौदा कलमांवर जमलं. भाकर आणि द्राक्षारसात ख्रिस्त कसा हजर असतो, एवढ्यावर अडलं. पाहुण्याला भाकर द्यायची की नाही याचं उत्तर आजही याच प्रश्नातून निघतं.

आता कारभार, कारण भांडणं शेवटी इथेच येऊन पोचतात. बिशप असलेल्या व्यवस्थेत पाळकाविरुद्धची तक्रार वर जाते, प्रेस्बिटेरियन व्यवस्थेत वडिलांच्या, म्हणजे निवडलेल्या वडीलधाऱ्या पुढाऱ्यांच्या, वरच्या सभेकडे जाते, आणि स्वतंत्र मंडळीत सभासदांच्या बैठकीतच राहते. वर कुणीच नसेल आणि समिती पाळकाच्या मर्जीतली असेल, तर दुखावलेल्या माणसानं जायचं कुठे? मला सगळ्यांत जास्त काळजी याच गोष्टीची वाटते.

इमारतीचंही तसंच. युनायटेड मेथडिस्ट चर्चमधून २०१९ ते २०२३ या काळात अमेरिकेतल्या साडेसात हजारांहून जास्त मंडळ्या बाहेर पडल्या. वास्तू सोबत न्यायला त्यांना दोन तृतीयांश मतांचा ठराव लागला, शिवाय पंथाची वर्गणी आणि पाळकांच्या निवृत्तिवेतनाचा वाटा भरावा लागला, कारण मालमत्ता पंथाच्या वतीनं विश्वस्त म्हणून धरलेली होती.

म्हणून आधी मालमत्तेचा दस्त आणि मंडळीची घटना बाहेर काढा. वास्तू कुणाच्या नावे आहे आणि पंथ सोडल्यास तिचं काय होतं, ते वकिलाकडून वाचून घ्या. मग बाप्तिस्मा, प्रभुभोजन, पाळकाची नेमणूक आणि बडतर्फी, तक्रार ऐकणारी बाहेरची व्यक्ती, या सगळ्यांची उत्तरं दोन पानांत लिहा आणि मतदानाच्या किमान महिनाभर आधी सभासदांना वाटा. ‘हे पवित्र शास्त्राप्रमाणे ठरेल’ असं मात्र लिहू नका. मारबुर्गला दोघांच्याही हातात तेच शास्त्र होतं.

ती दोन पानं लिहून झाली की शेजारी तुमच्या पंथाचा मतांगीकार, म्हणजे श्रद्धेची लेखी कबुली, ठेवून वाचा. फारसा फरक निघाला नाही, तर नाव ठेवा आणि दार उघडं ठेवा. प्रभुभोजनाच्या मेजाशी कोण बसतं हे फलक ठरवत नाही. फरक मोठा निघाला, तर नाव बदलणं प्रामाणिकपणाचं ठरेल, आणि मी तुझ्या बाजूनं उभा राहीन. मसुदा तयार झाला की मला पाठव. बाप्तिस्म्याचं कलम आधी वाचेन.

तुझाच,
जुना सोबती