उपग्रह शिकवा, पण बांधावरही न्या

महोदय,

माझी पुतणी भूगोलात एमएस्सी करते, विषय सुदूर संवेदन, म्हणजे उपग्रहाच्या चित्रांवरून जमिनीचा अभ्यास. दिवाळीत तिने लॅपटॉपवर आमच्याच शिवाराचं चित्र उघडलं. 'सेंटिनेल-२' उपग्रहाचं, एक ठिपका म्हणजे दहा मीटर, तेही फुकट. हिरवं रान त्यात लालभडक! पानं निकट-अवरक्त (डोळ्यांना न दिसणारे) किरण भरपूर परावर्तित करतात आणि पडद्यावर त्यांना लाल रंग दिलेला असतो, हे तिने मला छान समजावलं. फक्त त्यावरून तिने केलेल्या पिकांच्या नकाशात ओढ्याकाठच्या तुकड्यावर 'ऊस' लिहिलं होतं. तिथे तीन वर्षं केळी आहे.

चूक तिची नाही. दोन वर्षांत वर्ग शेतात गेला एकदाच, तोही अर्धा दिवस. खरिपाचं तर बोलायलाच नको. ऐन पावसाळ्यात अशा चित्रांत बहुतेक वेळा ढगच दिसतात, म्हणून ढगांतून आरपार पाहणारी रडार चित्रं वाचता यायला हवीत. ती एका प्रकरणात उरकली जातात.

भारताचा सुदूर संवेदन उपग्रह 'आयआरएस-१ए' अवकाशात गेला १९८८ मध्ये. म्हणजे हा विषय आपल्याला नवा नाही. विद्यापीठांनी निदान एवढं करावं: विद्यार्थ्याने पन्नास ठिकाणी स्वतः उभं राहून, जीपीएसवर नोंद घेऊन पीक तपासल्याशिवाय प्रकल्प स्वीकारू नये. एसटीचं भाडं विभागाने द्यावं. सॉफ्टवेअरच्या परवान्यांवर खर्च होतोच की. नकाशा वर्गात दाखवण्याआधी तो त्या शेतकऱ्यालाही दाखवावा. केळीला ऊस म्हटलेलं तो तिथल्या तिथे सांगेल.

— एक शेतकरी वाचक, जि. सांगली