सुन्या, ब्लॉक संपला

सुन्या,

तुझ्या मेसेजला उत्तर दिलं नाही म्हणून शिव्या घातल्या असशील, घाल. फोन करणार होतो पण फोनवर तू हां हां करत लॅपटॉपवर दुसरंच काहीतरी बडवत असतोस हे मला माहितीय, म्हणून लिहितोय. आईचं गुडघ्याचं ऑपरेशन नीट झालं, चालती आता. माझी शुगर आहे तिथंच आहे. झालं.

आता मुद्द्याचं. आपल्या यामाहा आरएक्स 100 चा ब्लॉक, म्हणजे पिस्टन ज्यात वरखाली पळतो ते सिलिंडर, संपला.

वैभववाडीहून वर येत होतो, करूळ घाटात तिसऱ्यावर ओढेचना, दुसरा टाकला तरी रडत रडत. थंड असताना खडखड तर गेला पावसाळाभर चालूच होती, मी म्हणायचो सायलेन्सरचा नट सैल असेल. नाना मेकॅनिककडं नेली. नानांनी हेड काढलं, ब्लॉक उचलला, पिस्टन पुसून माझ्या नाकासमोर धरला. वर 100 मारलेलं. बाळ्या शेजारी उभा, म्हणतो भारी की, कंपनीनं गाडीचं नाव पण टाकलंय. अरे बैला, तो एक एमएम ओव्हरसाईज! ब्लॉक झिजला की पाव पाव एमएमनं कापून मोठा पिस्टन घालायचा, 25, 50, 75, 100, संपलं, पुढं पिस्टनच नाही. पन्नास एमएमचा बोअर, म्हणजे आतल्या भोकाचा व्यास, एक्कावन्न झालाय आणि एक्झॉस्टच्या बाजूला नख अडकतंय इतका ओरखडा.

आणि मग काय, सगळ्या गावाला मत फुटलं. पप्याकडं पाच गिअरच्या आरएक्स 135 चं अख्खं इंजिन पडून आहे, तो म्हणतो घेऊन जा, माऊंटिंग सेम, चेसिसमध्ये अर्ध्या दिवसात बसतंय. बसतंय हे मलाही माहितीय, निम्म्या कोल्हापूरनं बसवलंय. स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची धाव, दोन्हीचा पन्नासच, फक्त बोअर 58 चा, म्हणजे 98 सीसीचं 132 होतं आणि अकराची ताकद चौदावर जाते. पण ब्रेक तेच, ड्रम! पप्याला म्हटलं पळवायला इंजिन देतोयस, थांबवायला काय देणार, तर म्हणतो पल्सरचा पुढचा फोर्क डिस्कसकट घाल. म्हणजे परत पुढचं चाक आलं, फोर्क धरणारी टी आली, मग मीटर. ह्याला अंत नाही, तुला माहितीय पप्या.

शिवाय आरसीवर इंजिन नंबर कुठला? गाडी 88 ची, पुढचं पासिंग 2028 ला, तिथं आरटीओत पेन्सिलनं नंबरची छाप घेतात आणि मोटार वाहन कायद्याचं कलम 52 दाखवतात. दुसरं इंजिन घालून कागदावर चढवणं हे काय काम असतं ते शिऱ्यानं बुलेटच्या वेळी भोगलंय, त्याला विचार. नको, विचारू नको, तो दोन तास सोडत नाही.

मग दुसरा शहाणा म्हणाला नुसता 135 चा ब्लॉक घाल, इंजिन नंबर खालच्या क्रँककेसवर असतोय, ब्लॉकला कोण विचारतंय. खरंय, कागदोपत्री ब्लॉकला काडीची किंमत नाही. पण त्याची स्लीव्ह, ब्लॉकच्या आतलं लोखंडी नळकांडं, जाडजूड, आपल्या क्रँककेसच्या तोंडात जात नाही, तोंड लेथवर मोठं करावं लागतंय. आणि ते एकदा कापलं की कापलं, उद्या 100 चा चांगला ब्लॉक सापडला तरी डोक्यावर मारून घ्यायचा. नाना काही बोलले नाहीत, नुसते माझ्याकडं बघत राहिले, मला कळलं काय ते.

डुप्लिकेट ब्लॉक मिळतोय म्हणा, चकचकीत. आत बोट घालून बघितलं तर पोर्टच्या, म्हणजे गॅस आतबाहेर जायच्या भोकांच्या, कडा अशा की रिंग पहिल्याच आठवड्यात अडकावी.

बरं सांगलीचा एक गिऱ्हाईक मागं लागलाय तो वेगळाच. आहे तशी द्या म्हणतो, "जपान इंजिन आहे ना?" 85 साली सुरुवातीला जपानहून किट आली हे बरोबर, पण विकणाऱ्या प्रत्येकाचं इंजिन जपानचंच असतं, इतकी तर जपाननं पाठवली पण नसतील! त्याला म्हटलं टाकी पुण्याच्या जुन्या बाजारातली, फोर्कचे पाईप 135 चे, साईड पॅनेल कुणाचं ते देवाला माहिती, ऑइल पंप काढून कधीचा पेट्रोलमध्येच ऑइल टाकतोय, आणि पुढचं स्प्रॉकेट एका दाताचा कलंक लागलेलं. तरी मागतोय.

स्प्रॉकेटवरनं आठवलं. तो एक दात तू वाढवलेलास, हायवेला टॉप मिळतो म्हणून. घाटात काय होतंय ते बघायला तू कुठं असतोस? मी आता परत चौदाचं घालणार आहे, तुझं काही ऐकणार नाही.

तर मी काय ठरवलंय ऐक. हाच ब्लॉक ठेवायचा, नवी स्लीव्ह मारायची. उद्यमनगरात नानांचा तो बोअरिंगवाला अजून आहे, त्याला दाखवला. ब्लॉक तापवून जुनी स्लीव्ह दाबून काढणार, नवी बसवणार, पोर्ट जुळवून कडा हातानं घासून देणार आणि परत पन्नासचा बोअर. ह्यातही रिस्क आहे, पोर्ट जरा वरखाली झाले तर गाडीचा स्वभावच बदलतो, आणि स्लीव्ह नीट चिकटून बसली नाही तर उष्णता बाहेर जात नाही आणि पिस्टन परत सीझ, जाम. बायको म्हणते एवढ्या पैशात हप्त्यावर नवीन येते. पोरगं म्हणतंय इलेक्ट्रिक घ्या. ह्यांना काय सांगू? ब्लॉकची उजवीकडची तुटलेली फिन, गार करायची पाती, आहे ना, तू स्क्रू ड्रायव्हर घालून उचकटताना तोडलेली (आणि अजून नाही म्हणतोस, तूच तोडलीस, पप्या साक्षीला आहे), ती परवा बोअरिंगवाल्यानं पाहिली आणि म्हणाला वेल्डिंग भरून घासून देऊ, नव्यासारखी दिसेल. मी नको म्हटलं. का नको ते त्याला सांगता येईना.

तुझं काय? नवीन ऑफिस लांब पडतंय म्हणे, वहिनी म्हणाली. पिल्लूची दहावी ना ह्या वर्षी? अभ्यास कर म्हणावं, बापावर जाऊ नको. घराचं पझेशन मिळालं का नाही ते कळव.

आता काम. बोअर पिस्टन हातात आल्याशिवाय मारत नाहीत, पिस्टन मोजून त्याच्या मापानं कापतात, म्हणून आधी पिस्टन पाहिजे. इथं मिळतोय तो हलक्या प्रतीचा आहे, नाना हात लावत नाहीत. तू बेंगलोरात बसलायस, जेसी रोडला जा, जुन्या दुकानांत मागं पडलेला स्टॉक असतो, एखादा जुना कंपनीचा पिस्टन सापडेल. स्टँडर्ड, पन्नासचा. पिन, सर्क्लिप आणि रिंगा सोबत घे. वर काही आकडा मारलेला असेल तर घेऊ नको, आणि दुकानदार "सेम टू सेम" म्हणाला तर सरळ बाहेर पड. फोटो काढून आधी मला पाठव, मी नानांना दाखवतो, मग पैसे दे. पैसे अर्धे अर्धे. गाडी अर्धी तुझीच आहे, फिनच्या वेळी मात्र लगेच माझी होते.

ब्लॉक बोअरिंगवाल्याकडंच ठेवून आलोय, तो शनिवारपर्यंत थांबतो म्हणालाय.

तुझा,
दिग्या