पावसाळ्यात रेल्वेचं टाइमटेबल बदलतं, मग एसटीचं का नाही?

मा. संपादक यांस,
स.न.वि.वि.

कोकण रेल्वेचं पावसाळी वेळापत्रक लागलं की दरवर्षी पेपरात बातमी येते, कुठली गाडी कधी सुटणार, कुठली किती उशिरा पोचणार, सगळं छापून येतं. पण त्या गाडीतून उतरलेला माणूस पुढे घरी कसा जाणार हे त्या बातमीत कधीच नसतं, कारण ते बहुतेक ठिकाणी कुणी ठरवलेलंच नसतं. म्हणून हे पत्र लिहितोय, जरा मोठं झालंय पण कृपया छापा.

पावसात गाड्या हळू चालवतात याबद्दल माझी काहीच तक्रार नाही. २००३ चा वैभववाडीचा अपघात आणि २००४ चा करंजाडीजवळचा, दोन्ही दरडीचे, कोकणातला माणूस ते विसरलेला नाही, त्यामुळे वेग कमी ठेवतात ते बरोबरच आहे. साधारण जूनच्या मध्यापासून ऑक्टोबरपर्यंत हे वेळापत्रक असतं आणि फरक थोडाथोडका नसतो. वंदे भारतचंच घ्या, एरवी पावणेआठ तासात मडगाव गाठते ती पावसाळ्यात दहा तास घेते आणि धावते पण आठवड्यातून तीनच दिवस. म्हणजे वर्षातले चार-साडेचार महिने स्टेशनवर माणसं उतरण्याच्या वेळा वेगळ्या असतात, पण डेपोतून सुटणाऱ्या एसटीच्या वेळा बहुतेक ठिकाणी त्याच, उन्हाळ्यातल्या.

आता कोणी म्हणेल की स्टेशन आलं म्हणजे गाव आलं, तर तसं कोकणात नाहीये. राजापूर रोड स्टेशन राजापूर शहरापासून पंधरा किलोमीटरच्या वर लांब, सावंतवाडीचं स्टेशन मळगावला, रत्नागिरीचं पण शहराबाहेर. मालवण, देवगड, वेंगुर्ला, गुहागर, दापोली इथे तर रेल्वेच नाही, तिथल्या लोकांना कुडाळ, कणकवली, चिपळूण, खेड अशा ठिकाणी उतरून दुसरं वाहन पकडावंच लागतं. रेल्वेने साडेतीनशे किलोमीटर आणलं आणि शेवटच्या वीस किलोमीटरला माणूस अडकला, ही आमची रोजची गोष्ट आहे.

आमच्या स्टेशनचं सांगतो, नाव मुद्दाम लिहित नाही. बाहेर एसटीची निवारा शेड आहे, भिंतीवर रंगवलेलं वेळापत्रक आहे, त्यातल्या निम्म्या गाड्या आता येतच नाहीत. मागच्या पावसाळ्यात ट्रेन लेट झाली, पाऊस धो धो, सत्तरी ओलांडलेल्या एक आजी पिशव्या घेऊन त्या शेडमध्ये उभ्या, त्यांच्या गावची वस्तीची (रात्री गावातच मुक्कामाला थांबणारी) एसटी वीस मिनिटांपूर्वी स्टॅंडवरून सुटलेली. एसटीत महिलांना २०२३ पासून अर्धं तिकीट आहे, पंचाहत्तरच्या पुढच्यांना फुकट प्रवास आहे, चांगलीच योजना आहे, पण एसटीच नसेल तर सवलत घ्यायची कुठे? शेवटी त्यांनी रिक्षा केली आणि मुंबईहून यायला जेवढं तिकीट लागलं त्याच्या कितीतरी पट पैसे दिले. रिक्षावाल्यांना मी दोष देणार नाही, रात्री तीनला पण स्टेशनवर तेच उभे असतात, दुसरं कोणी नसतं, आणि परत जाताना त्यांना रिकामंच जावं लागतं.

डेपोत विचारलं की एकच उत्तर मिळतं, ट्रेनचा भरवसा नाही, गाडी किती वेळ उभी करायची? प्रश्न खरा आहे, ड्रायव्हर-कंडक्टरची ड्युटी असते, पुढच्या गावांतले लोक पण वाट बघत असतात. पण ट्रेन आत्ता कुठे आहे हे आज कोणालाही मोबाईलवर दिसतं, मग ते वाहतूक नियंत्रकाला पण दिसू शकतं. निदान शेवटची, वस्तीची गाडी तरी स्टेशनवरून न्या आणि ट्रेन लेट असेल तर जास्तीत जास्त अर्धा तास थांबवा, त्याच्या पुढे नाही. एवढा एक नियम केला तरी कितीतरी लोकांची रात्र स्टेशनवर जाणार नाही.

आणि हे आपल्याकडे जमत नाही असं तर मुळीच नाही. गेटवेवरून मांडव्याला कॅटामरान जाते, उतरलं की जेटीच्या बाहेर बस उभी असते, बोटीच्या तिकिटातच अलिबागपर्यंतचा बसप्रवास असतो. बोट आल्याशिवाय बस सुटत नाही. किती वर्षं चाललंय हे, तेही समुद्रावर, जिथे भरती-ओहोटी आणि हवामान दोन्ही सांभाळावं लागतं! एक तिकीट, दोन वाहनं, मधे कोणाला काही विचारावं लागत नाही.

मालाचं बघा. भरलेले ट्रक रेल्वेच्या वॅगनवर चढवून न्यायची रो-रो सेवा कोकण रेल्वेनेच १९९९ साली सुरू केली, रायगडातल्या कोलाडला ट्रक चढतो, गोव्यात वेर्ण्याला उतरतो, ड्रायव्हर ट्रकसोबतच असतो, घाट नाही, डिझेल वाचतं. ती का चालली? कारण माल मधे कुठेच उतरवावा लागत नाही. हापूसचं नेमकं इथेच अडतं. पेटी बागेतून टेम्पोत, टेम्पोतून स्टेशनवर, तिथे गाडी दोन-तीन मिनिटं थांबणार तेवढ्यात घाईघाईने डब्यात, मग मुंबईला उतरवून परत टेम्पोत आणि मग वाशी मार्केटला, एवढ्या उचल-आपटीत आंबा डागी होतो, म्हणून बागायतदार सरळ संध्याकाळी टेम्पो भरतो आणि पहाटे वाशीला पोचवतो. त्याला रेल्वे नको असं नाही, मधली चढ-उतार नको आहे. छोट्या टेम्पोंसाठी सीझनपुरती, मार्च ते मे, रात्रीची रो-रो सोडून बघायला काय हरकत आहे?

२०२५ च्या गणपतीत कारसाठी पण रो-रो काढली, कोलाड ते वेर्णा, एका कारला ७,८७५ रुपये, प्रतिसाद अगदीच कमी मिळाला. मला विचाराल तर चाकरमानी गणपतीला कार घेऊन येतो ते हौसेने नाही, स्टेशनपासून वाडीपर्यंत आणि मग पाहुण्यांकडे, बाजाराला जायला काही मिळत नाही म्हणून. ती सोय झाली तर निम्म्या गाड्या महामार्गावर येणारच नाहीत, असं माझं स्पष्ट मत आहे. गणपतीत मुंबईहून हजारो जादा एसट्या सुटतात, त्यातल्या थोड्या इथे स्टेशन ते गाव अशा फिरवल्या तर त्याच बस दिवसातून चार फेऱ्या मारतील, माणगाव-इंदापूरच्या ट्रॅफिकमधे तासन् तास उभ्या राहणार नाहीत.

आणि हे कोणी करायचं असा प्रश्नच येऊ नये. एसटी महाराष्ट्र सरकारची आहे, आणि कोकण रेल्वे महामंडळ झालं तेव्हा त्यात २२ टक्के वाटा महाराष्ट्राचाच होता. आता महामंडळ भारतीय रेल्वेत विलीन करायला राज्याने संमती दिलीये, कोकण रेल्वे हे नाव कायम ठेवा अशी अट घातलीये, ते योग्यच. पण त्याच पत्रव्यवहारात एक ओळ अजून घाला की वेळापत्रक ठरवताना एसटीचा विभाग नियंत्रक बैठकीत असेल. पावसाळी वेळा आधीपासून ठरलेल्या असतात, म्हणजे एसटीला तयारीला वेळ भरपूर मिळतो. सगळीकडे एकदम नको, येत्या जूनला खेड, राजापूर रोड आणि कुडाळ ही तीनच स्टेशनं घ्या, प्रत्येक ठिकाणी रात्रीच्या एका गाडीला एक एसटी जोडा आणि त्याची वेळ रेल्वेच्या बातमीसोबतच पेपरात छापायला द्या.

आपला,
एक नियमित वाचक, तळकोकण