आधी नाला आणि ओपन स्पेस, मग मजले

मा. संपादक,
स. न. वि. वि.

विजापूर रस्त्याच्या बाजूच्या आमच्या हद्दवाढ भागात आता सात-सात मजल्यांच्या इमारतींचे फलक लागू लागले आहेत. घरं बांधूच नयेत, असं मी मुळीच म्हणणार नाही. मी ज्या शाळेत शिकवलं तिथली निम्मी मुलं दहा बाय दहाच्या खोलीत, यंत्रमागाच्या खडखडाटात अभ्यास करायची. घराची किंमत मला ठाऊक आहे. पण मजले चढण्याआधी जमिनीवर काय उरलंय, ते कुणीतरी येऊन बघायला हवं.

१९९२च्या हद्दवाढीत सोलापूर ३३ चौरस किलोमीटरवरून १७८च्या आसपास गेलं. बाळे, केगाव, शेळगी, सोरेगाव, मजरेवाडी ही गावं रानांसकट शहरात आली. नळ आणि ड्रेनेज मात्र मागून, तेही तुकड्यातुकड्यानं. मधल्या काळात यंत्रमाग कामगारांनी, विड्या वळणाऱ्या बायकांनी भिशी उचलून, गळ्यातलं मोडून एक-दीड गुंठ्याचे प्लॉट घेतले. असे गुंठ्या-गुंठ्यानं विकलेले प्लॉट आणि त्यांवरची घरं नियमित करण्यासाठी २००१चा गुंठेवारी कायदा झाला, २०२१च्या दुरुस्तीनं ३१ डिसेंबर २०२० पर्यंतची बांधकामं त्यात आली, तरी नियमितीकरणाच्या फाइलमागे फिरणारी माणसं माझ्या गल्लीत आजही आहेत. दीड गुंठा नियमित करायला एवढे हेलपाटे पडतात, मग दोन एकरांवरच्या इमारतीची तपासणीही तेवढीच कसून व्हावी, एवढी तरी अपेक्षा धरायची की नाही?

आमच्या कॉलनीचंच सांगते. ०.४ हेक्टर, म्हणजे साधारण एकरभर किंवा त्याहून मोठा ले-आउट असला की दहा टक्के जागा मोकळी सोडावी लागते. आमच्या मंजूर नकाशात ती हिरव्या रंगात आहे, कोपऱ्यातल्या लिंबाच्या झाडाशेजारी. प्रत्यक्षात तिथं आज पत्र्याचं शेड आहे, खडी आणि सळया पडल्यात, कुलूप लावलेलं फाटक आहे. सात-बारा काढून पाहिला तर अजून मूळ मालकाचंच नाव. नाव बदललं नाही म्हणजे ती जागा उद्या विकायलाही मोकळी, आणि घेणारा म्हणणार की मी पैसे मोजलेत. दोष कुणाचा ते अधिकाऱ्यांनी शोधावं. आम्हाला मुलांना खेळायला ती जागा परत हवी.

नाल्याचंही तेच. कॉलनीच्या मागून ओढा वाहायचा, चांगला बैलगाडी उतरेल इतका रुंद. एका बांधकामासाठी मुरूम टाकून तो बुजवत आणला आणि आता तिथं दोन सिमेंटचे पाइप आहेत. आपल्याकडे पाऊस कमी, पण पडतो तो एका रात्रीत. काळ्या मातीत पाणी मुरायला वेळ लागतो, मग ते पाइपाच्या तोंडाशी तुंबतं आणि खालच्या बाजूच्या बैठ्या घरांत शिरतं. ती घरं गुंठेवारीतल्यांचीच. भिंतीला कमरेएवढ्या उंचीवर ओल धरलेली आहे, कुणीही येऊन हात लावून पाहावा.

आता पाण्याचा हिशेब. माणशी रोज १३५ लिटर हे सरकारी माप. एका सात मजली इमारतीत २८ फ्लॅट, घरटी चार माणसं धरली तर एका इमारतीला रोज १५,१२० लिटर लागतील. आपल्याकडे नळाला रोज पाणी कुठे येतं? दोन पाण्यांत चार दिवस गेले तरी ६०,००० लिटरची साठवण हवी, नाहीतर बोअर आणि टँकर. शेजारच्यांच्या बोअरचं पाणी आधीच उन्हाळ्यात तळ गाठतं. उजनी धरणावरून शहरासाठीची दुसरी, समांतर जलवाहिनी पाणी टाकीपर्यंतच आणू शकते, टाकीपासून गल्लीपर्यंतचा पाइप वाढणार आहे का, हे परवानगी देतानाच लिहून द्यावं. वापरलेल्या पाण्यातलं ८० टक्के परत गटारात येतं, त्याची सोय कुठे?

म्हणून माझी मागणी आहे. हद्दवाढ भागात उंच इमारतीला परवानगी देण्याआधी त्या गटातल्या नाल्याची मोजणी करून हद्दीचे दगड रोवावेत. ले-आउटमधल्या ओपन स्पेसच्या सात-बाऱ्यावर महापालिकेचं नाव लावून तिथं फलक लावावा. आणि विकास आराखड्यावरच्या हरकतींची सुनावणी कामाच्या दिवशी भर दुपारी कार्यालयात न ठेवता, संध्याकाळी वस्तीतल्या शाळेत ठेवावी. विड्या वळणारी बाई दिवसाची मजुरी बुडवून हरकत सांगायला येऊ शकत नाही, आणि पुराचं पाणी तर पहिल्यांदा तिच्याच घरात येतं. त्या शाळेत गट क्रमांकांचा नकाशा भिंतीवर लावून मराठीत, जमल्यास तेलुगू-कन्नडमध्येही, तिला समजावून सांगा. तिला तिचा नाला कुठून जायचा ते नेमकं माहीत आहे.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका, सोलापूर